अनुभव धागा : नाल ढिली झाली अन् नालबंद जवळपास नाही, तेव्हा काय करता?

पांदणवाट
लग्नसराई सुरू झाली. आज डांबरी रस्त्यानं वरातीची घोडी गेली, एका टापेचा खळखळ आवाज येत होता. त्यावरून जुनं सारं आठवलं म्हणून धागा काढतोय. पंचक्रोशीत नालबंद एखादाच उरलाय, तोही फिरतीवर असतो.

माझं ठाम मत : अर्धी सुटलेली नाल ही नाल नसण्यापेक्षा वाईट. ती सरकली की मोकळा खिळा तळव्यात घुसतो. म्हणून काढायचीच. खुराच्या बाहेरच्या अंगाला खिळ्यांची वाकवलेली टोकं दिसतात, ती आधी कानशीनं घासून टाका नाहीतर छन्नीनं सरळ करा. तसं न करता ओढलं तर टोकासोबत खुराची कड उपटून येते अन् नव्या खिळ्याला धरायला जागा राहत नाही. मग जंबूर टाचेकडून नालेखाली घाला आणि दांडे पुढच्या टोकाकडं, खुराच्या मधल्या बाजूला दाबा. एकदा आतली टाच, एकदा बाहेरची, थोडं थोडं. बाहेरच्या अंगाला पिळायचं नाही म्हणजे नाही.

तुरीची शेंग
जंबूर कोणाच्या घरी असते भाऊ? साध्या पक्कडीनं पण होते. टोकं घासली की टाचेकडून पेचकसानं नाल जराशी उचला, मंग हातोडीनं हलकीच खाली बसवा. खिळ्यांची डोकी वर राहतात. एक एक धरून सरळ ओढा.

वर्धेकाठ
पाय कसा धरायचा ते कोणीच लिहिलं नाही. पुढचा पाय दोन गुडघ्यांच्या मधात, मागचा आपल्या मांडीवर. तोंडाशी उभा राहणारा माणूस आपल्याच बाजूला हवा. खुंट्याला आखूड बांधू नका, झटका दिला तर घोडं घाबरून अजून ओढते.

पांदणवाट
बरोबर जी, राहून गेलं.

सातबारा
दोनच टोकं वर आली असतील, नाल जागेवर असेल, तर काढायची गरज नाही. टोकाखाली लोखंडाचा जड तुकडा धरा, खालून खिळ्याच्या डोक्यावर हलके ठोके द्या, टोक पुन्हा वाकवा. हे तात्पुरतं. नाल हातानं हलत असेल तर पांदणवाट म्हणतात तेच.

ज्वारीचं कणीस
अन् बाप्पा, दुकानातले चुके ठोकू नका!! नालेचा खिळा चपटा असते, टोकाला एका अंगानं उतार असते, म्हणून तो आतून बाहेरच्या भिंतीकडं वळून निघते. गोल चुका सरळ वर जिवंत भागात जाते. जनावर लंगडते, आत पू धरते. काढलेला जुना खिळाही परत नाही वापरायचा.

हिरवा चारा
आमच्याकडे वाकडी नाल घेऊन घोडी चालली, खिळा तळव्यात गेलाय 😔 आत्ता काय करू

सातबारा
ताई, चालवू नका. नाल सोडवा. भोक कुठं पडलं ते खडूनं खूण करून फोटो काढा, खिळा बाहेर आला की भोक मिटून जाते अन् डॉक्टरला सापडत नाही. किती खोल, कोणत्या दिशेनं गेला तेही सांगा. धुऊन आयोडीन लावा, स्वच्छ कापूस बांधा. १९६२ ला फोन लावा, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. धनुर्वाताची लस विचाराच. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

हिरवा चारा
लावते. धन्यवाद दादा 🙏

वर्धेकाठ
नाल काढल्यावर खुराची धारदार कड कानशीनं गोल करा, नाहीतर चिरफाळते. वरून कापूस, त्यावर बारदानाचा तुकडा, मग रुंद चिकटपट्टी. पट्टी केसांच्या रेषेच्या खालीच थांबवा, वर आवळली तर रक्त अडते. ओलं झालं की बदला. घोडं मऊ मातीवर उभं करा, गिट्टीवर नाही, वरातीला तर नाहीच.

काळी भुई
पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीचा चिखल नाल ओढून घेतो. उन्हाळ्यात खूर वाळून खिळे सैल होतात. चालताना मागची टाप पुढच्या नालेच्या टाचेवर पडली तरी निघते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदी झालीच पाहिजे, नाल झिजली नसली तरी. खूर वाढते अन् नाल पुढं सरकते.

ज्वारीचं कणीस
खिळे मोजून घ्या. नालेची वापरलेली भोकं किती, हातात खिळे किती. एखादा कमी असला तर खुरात पाहा, मंग चारा टाकायच्या जागी लोहचुंबक फिरवा.

पोळ्याचा बैल
बैलालाही हेच लागू का?

काळी भुई
नाही. बैलाच्या खुराला दोन फाका, म्हणून दोन वेगळ्या पत्र्या. एकच निघाली तर दुसरी राहू द्या, पण त्याला गाडीला जुंपू नका. अन् बैल पाडून नाल मारतात तसं घोड्याला पाडायचं नसते, उभ्यानंच.

पोळ्याचा बैल
बरं झालं विचारलं. आमच्या इथं नालबंद बुधवारच्या बाजारात येतो, कोणाला पाहिजे असल तं सांगा.

तुरीची शेंग
कोणता बाजार भाऊ? दोन बैलांचं हाये माझं.