'३.८ मध्ये समाविष्ट' की '३.८ पासून'?

मुद्रिका
पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांचा मराठी अनुवाद करतेय. प्रत्येक फंक्शनच्या वर्णनाखाली एक बारीक ओळ असते, ते कोणत्या आवृत्तीत आलं ते सांगणारी. इंग्रजीत पूर्वी 'न्यू इन व्हर्जन' असायचं, आता 'अ‍ॅडेड इन व्हर्जन' असतं. मी 'आवृत्ती ३.८ मध्ये जोडले' असं केलं आणि ते परत आलं. हरकत रास्त आहे: फंक्शन जोडलं, मेथड जोडली, पॅरामीटर जोडला, पण ओळ साच्यातून येते, सगळीकडे एकच. लिंगवचनाने न बदलणारा शब्द हवा. तपासणाऱ्यांनी 'समाविष्ट' सुचवलाय. मला खटकतोय, पण का ते नीट सांगता येत नाही.

अर्धविराम
खटकणारच. '३.८ मध्ये समाविष्ट' म्हटलं की ३.८ मध्ये ते आहे एवढंच कळतं. ३.७ मध्ये होतं का? ही ओळ वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. आमच्याकडे एकाने स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, 'रिमूव्हप्रीफिक्स' मेथड वापरली. त्याच्या मशीनवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर मात्र ३.८. ती मेथड आली ३.९ मध्ये. पहिल्याच ओळीला स्क्रिप्ट कोसळली. 'दाखल' घ्या: '३.९ मध्ये दाखल'. आत येण्याचा क्षण त्यात आहे, आणि रूपही बदलत नाही.

कोशकीटक
दाखल अरबी आहे. 'प्रविष्ट' हा आपला शब्द असताना उसना कशाला? तोही तिन्ही लिंगांत तसाच राहतो.

अर्धविराम
'दाखला' हा शब्द तुम्ही रोज वापरता, तो त्याच धातूतला. दाखल आणि दाखला दोन्ही मराठीत इतके मुरलेत की त्यांना उसने म्हणणं अन्याय आहे. 'प्रविष्ट' वाचताना माणूस थबकतो, आणि या ओळीवरून नजर सरकून जायला हवी.

कोशकीटक
मग मुळात 'आवृत्ती' तरी का? आ + वृत्, म्हणजे पुन्हा फिरून येणं. पाठाची आवृत्ती करतात ती हीच. सॉफ्टवेअरमध्ये तेच पुन्हा येत नाही, बदलून येतं.

रानवारा
पुस्तकाची 'सुधारित दुसरी आवृत्ती' निघते तेव्हा कुणी अडत नाही, इथेही अडू नये. मूळ प्रश्नाला माझं उत्तर: 'पासून'. जावा भाषेचे दस्तऐवज बनवणाऱ्या जावाडॉकमध्ये 'सिन्स' नावाचा टॅग आहे, तो हेच करतो. उदाहरणार्थ, जावातला स्ट्रिंगबिल्डर हा क्लास: १.५ पासून. क्रियापदच नाही, म्हणजे लिंगवचनाचा प्रश्नच मिटला. शिवाय मराठीत 'सोमवारपासून' म्हटलं की सोमवार धरलेला असतो, त्यामुळे ३.८ त्यात आलंच.

मुद्रिका
'पासून' आवडलं. पण त्यातून 'अजून चालू आहे' असंही ऐकू येतं ना? डिस्टयुटिल्स हे पायथनमधलं पॅकेजं बांधायचं मॉड्यूल ३.१२ मध्ये काढून टाकलं.

रानवारा
काढून टाकलेल्याचं वर्णनही नव्या दस्तऐवजातून जातं, फार तर काढल्याची नोंद उरते. ज्याचं वर्णन उरलंय ते चालूच असतं.

टाचणी
माझी शंका वेगळी. पासून म्हणजे नक्की कशापासून? डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या नाव-मूल्य जोड्यांच्या यादीत, घातलेल्या नोंदींचा क्रम टिकायला लागला सीपायथन (पायथन चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम) ३.६ मध्ये, पण भाषेने त्याची हमी दिली ३.७ मध्ये. ३.६ वर क्रम दिसायचा, पण त्यावर विसंबायचं नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. 'दिसलं' आणि 'कबूल केलं' यांतला फरक 'पासून'मध्ये बुडतो. दाखल, प्रविष्ट, तिन्हींत बुडतो.

अर्धविराम
तिथे '३.७ पासून हमी' असं सुटं लिहावं. साच्यावर तो भार नको.

कोशकीटक
साच्यांचा विषय निघालाच आहे तर 'डेप्रिकेटेड'ला (अजून चालतं, पण वापरू नये असं जाहीर केलेलं) सगळीकडे 'कालबाह्य' लिहितात ते आधी थांबवा. डिस्टयुटिल्सवर ३.१० मध्ये तो शिक्का बसला, तरी ३.११ मध्येही ते चालत होतं. चालणारी गोष्ट कालबाह्य कशी? 'त्याज्य' म्हणा.

टाचणी
त्याज्य म्हणजे टाकून देण्याजोगं. ते तर कालबाह्यपेक्षा कडक झालं! 'वापर टाळावा' हे दोन शब्द पुरेत.

कोशकीटक
'वापर टाळावा' हा सल्ला झाला, संज्ञा नव्हे. कोशात त्याची नोंद कशाखाली करणार?

रानवारा
कोशासाठी संज्ञा हवी, वाचकाला सूचना हवी. दोघांना एकच शब्द पुरेल हा हट्ट कुणाचा?