गॅस डिस्चार्जमधला इलेक्ट्रॉन बीम आणि मिलिमीटर वेव्ह : बीम विखुरत कसा नाही?

कोल्हापुरी_प्लाझ्मा
एमएस्सीच्या सेमिनारला स्यूडोस्पार्क घेतलाय, म्हणजे कमी दाबाच्या गॅसमधला एक डिस्चार्ज, ज्यातून इलेक्ट्रॉनचा बीम निघतो. क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्हची व्हॅक्यूम ट्यूब) शिकवताना सरांनी डोक्यात भरवलंय, की व्हॅक्यूम बिघडला की ट्यूब कामातून गेली. इथे तर मुद्दाम गॅस सोडतात आणि त्यातल्याच बीमने मिलिमीटर वेव्ह काढतात! बीम विखुरत कसा नाही? फोकसिंगचं मॅग्नेटही लागत नाही म्हणे?

जुना_ट्यूबवाला
सरांचं बरोबरच आहे. तापवलेल्या कॅथोडला गॅस म्हणजे मरण. माझी निम्मी नोकरी गळत्या शोधण्यात गेली.

स्यूडोस्पार्कमध्ये कॅथोड तापवायचाच नसतो. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या क्रिस्तियानसेन आणि शुल्थाइस यांची १९७९ची रचना बघ: पोकळ कॅथोड, समोर अॅनोड, दोघांच्याही मध्यभागी काही मिलिमीटरचं भोक, दाब काही पास्कल ते काही दहा पास्कल. पाशेनच्या आलेखाची (दाब गुणिले फटीची रुंदी, त्यावर डिस्चार्ज पेटायला लागणारं व्होल्टेज) डावी बाजू ही. फट इतकी अरुंद, की सरळ ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनला गॅसचा रेणू क्वचितच भेटतो. म्हणून डिस्चार्ज लांबची वाट धरतो, भोकातून पोकळीत. तिथे आयनीकरण भडकतं आणि बीम अॅनोडच्या भोकातून बाहेर पडतो.

विखुरण्याचं म्हणशील, तर दहा-वीस किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनला एवढा विरळ गॅस फारसा आडवा येत नाही. खरी अडचण त्यांच्या आपसातल्या रेटारेटीची, आणि ती गॅसच मिटवतो. बीमचं तोंड वाटेतल्या गॅसचं आयनीकरण करत जातं. सुटलेले हलके इलेक्ट्रॉन बाजूला फेकले जातात, जड आयन जागेवर राहतात. मागच्या बीमला धन आयनांचा बोगदा आयता मिळतो. वर बीमचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र त्याला आवळतं. मग बाहेरचं मॅग्नेट हवं कशाला?

आता मिलिमीटर वेव्हचं. उदाहरणार्थ ९४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ३.२ मिमी, तेव्हा ट्यूबमधली वाटही तेवढीच चिंचोळी. तिच्यातून भिंतीला न शिवता जायला बारीक आणि दाट बीमच लागतो. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात याच बीमवर २०० गिगाहर्ट्झचा बॅकवर्ड वेव्ह ऑसिलेटरही (बीमच्या ऊर्जेतून लहरी काढणारी ट्यूब) चालवलाय. आपल्याकडे पिलानीची सीरी ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी संशोधन संस्था यात आहे.

सर्किट_बाबू
म्हणजे गायरोट्रॉन, ती मिलिमीटर वेव्हची दणकट व्हॅक्यूम ट्यूब, आता भंगारात?

जुना_ट्यूबवाला
छे! ईटर या फ्रान्समधल्या फ्यूजन प्रकल्पाचा गायरोट्रॉन १७० गिगाहर्ट्झवर एक मेगावॅट देतो, तोही सलग. इथे हिशोब वॅटमध्ये आणि पल्स नॅनोसेकंदांची. त्यात पल्स चालू असतानाच व्होल्टेज घसरतं, त्याबरोबर ऑसिलेटरची फ्रीक्वेन्सीही सरकते. सेमिनारला हे लपवू नकोस, परीक्षक नेमकं तेच विचारतील.

जगदीशचंद्र_फॅन
ठिणगीतून मिलिमीटर वेव्ह आपल्याला नवी नाही हो. बोसांनी कलकत्त्यात १८९०च्या दशकातच ६० गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली होती.

जुना_ट्यूबवाला
खरंय, पण तिथे ठिणगीच लहरी काढत होती. इथे डिस्चार्ज फक्त बीम देतो, लहरी निघतात पुढच्या नळीत.

कोल्हापुरी_प्लाझ्मा
सगळ्यांचे आभार! कॉलेजात एक छोटा बनवता येईल का?

जुना_ट्यूबवाला
इलेक्ट्रोडला स्टीलच्या चकत्या, त्यांच्यामध्ये अॅक्रिलिकची कडी, हवा खेचायला रोटरी पंप, बनेल की. कड्यांच्या आतून धातूचा करडा थर बसतो, तो पुसत राहा; नाहीतर डिस्चार्ज भोक सोडून भिंतीवरून सरपटतो. मात्र वीस किलोव्होल्टला एक्स-रे निघतात आणि अॅक्रिलिक ते फारसे अडवत नाही. शिशाचा पत्रा लाव. कपॅसिटर अर्थिंग रॉडने शॉर्ट केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि हाय व्होल्टेज हाताळलेले सर हजर नसतील, तर स्विचला हातच लावू नकोस.