पितळी पाटी: मजकूर आजच हवा

सचिव:
मंडळी, आपले निवृत्त फौजी काका, म्हणजे काहींचे सर, त्यांना मानपत्रासोबत द्यायच्या पाटीवर नाव कसं घालायचं ते ठरवायचंय. नाशिकच्या मेन रोडवरच्या कोरणाऱ्याला मजकूर आज दुकान बंद व्हायच्या आत (तिकडचं दुकान, तिकडची वेळ, आपली इथली परदेशातली नाही) द्यायचाय. नाहीतर २६ तारखेला पाटी विसरा, असं त्याने स्वच्छ सांगितलंय. गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलेलं कुणाकडे आहे? माझ्या वहीत "कॅप्टन (निवृत्त)" आणि पुढे प्रश्नचिन्ह एवढंच सापडलं.

भगूरकर:
कॅप्टन कुठून आलं? काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ऑनररी कॅप्टन हा मानाचा हुद्दा वेगळा, ती यादी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला निघते. काकांचं नाव त्यात कधी नव्हतं. सोसायटीचा वॉचमन कॅप्टनसाहेब म्हणतो म्हणून आपण पितळेत कोरायचं का?
दुसरं, कंस. "निवृत्त" नावाच्या नंतर, हुद्द्याला चिकटवून नको. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. २०१४ साली लष्कराने तशी सूचनाही काढली होती.

पंचवटीवाली:
पण पाटी लष्कर देतंय की आपण? आमच्या वर्गासाठी ते सर आहेत, बस्स. नववीत त्रिकोणमिती कुणालाच झेपत नव्हती. सरांनी सगळ्यांना मैदानावर नेलं, हात लांब करून एक बोट आडवं धरायला लावलं. म्हणाले, हे झाले साधारण ३० मिल, मिल म्हणजे तोफखान्यातलं कोनाचं माप. पूर्ण वर्तुळात ६४०० मिल, आणि एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर जवळजवळ एक मीटर. तो विजेचा खांब आठ मीटरचा आहे आणि बोटाआड बरोब्बर झाकतोय, तर अंतर किती? आम्ही २६७ काढलं. मग टेप लावली, २७१ निघालं. सर म्हणाले, चार मीटर चालतील, पुढचा गोळा दुरुस्त करू. मला आजही साइन-कॉस म्हटलं की तो खांब दिसतो. सुभेदार कशाला, "सर" लिहा.

सिडको:
तुम्हाला वर्गात होते, आम्हाला पहाटे पाचला गोल्फ क्लब मैदानावर. लष्करभरतीची १६०० मीटर धाव, तेव्हा साडेपाच मिनिटांत. मी कधी सातच्या आत आलो नाही, म्हणून आज इथे बर्फ उपसतोय. जी पोरं लागली ती त्यांना अजून "उस्ताद" म्हणतात, फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं. माझं मत उस्ताद.
आणि मानपत्राच्या मसुद्यात "देवळालीला भरती होऊन प्रशिक्षण" लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

भगूरकर:
चूक. नवीन जवान नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला तयार होतो. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, तिथे अधिकारी आणि पुढे उस्ताद होणारे कोर्सला जातात. ती शाळा १९४१ साली आताच्या पाकिस्तानातल्या काकूलहून देवळालीत आली. काका आधी नाशिकरोडला शिकले, नंतर देवळालीला शिकवायला होते. आमची तावदानं त्यांच्याच वर्गाने खिळखिळी केली असणार. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आजी दुधाचं पातेलं फळीवरून खाली काढायची.

नाशिकरोड:
नाशिकरोडचं नाव घेतल्याबद्दल आभार. एरवी देवळाली कॅम्पवाल्यांना सगळा तोफखाना आपल्याच अंगणात वाटतो.

खजिनदार:
कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. "सर", "उस्ताद" आणि "सुभेदार" तिन्ही एका पाटीवर घालायचा विचार असेल तर आधी मला विचारा.

पंचवटीवाली:
गोदावरीच्या पुराचं कुणीच लिहिलं नाही? २०१६च्या ऑगस्टात सर दोर आणि गोल्फ क्लबची पोरं घेऊन सराफ बाजाराच्या बाजूला उतरले होते. माझ्या मावशीला वरच्या मजल्यावरून त्यांनीच खाली आणलं. त्यांचा नियमच होता, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की निघायचं, गळ्याची वाट बघायची नाही.

नाशिकरोड:
कमरेला नाही, गुडघ्याला. मी तिथे होतो.

पंचवटीवाली:
तुम्ही नाशिकरोडहून गुडघा बघितलात?

सिडको:
मारुती राहू द्या. दुकान बंद व्हायला तिकडे दीड तास आहे.

पंचवटीवाली:
शेवटी काकूंनाच फोन लावला. सर दळणाला गेले होते, म्हणून बोलता आलं. काकू म्हणाल्या, "सुभेदार लिहा बाई, पेन्शनच्या कागदावर तेच आहे. आणि आडनाव नीट घाला, मागे एकांनी शाल दिली त्यावरच्या चिठ्ठीत चुकवलं होतं, अजून रोज ऐकतेय." माझा "सर"चा आग्रह मागे. पण मानपत्रात खांबाची गोष्ट हवी म्हणजे हवी.

सचिव:
कळवलं. सुभेदार, मग नाव, मग कंसात निवृत्त. आडनाव कोरणाऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आता बदल नाही. मानपत्राचा मसुदा भगूरकर दुरुस्त करतील, खांबाची गोष्ट सहा ओळींत बसवा. २६ला सकाळी कोण कोण नाशिकमध्ये आहे ते कळवा, खुर्च्या सांगायच्या आहेत. नऊ जणांची वर्गणी अजून आलेली नाही, नावं लिहीत नाही.

सिडको:
माझी त्या नऊ जणांत धरू नका, कालच पाठवली.

खजिनदार:
अकरा डॉलर कमी आहेत.

गंगापूर रोड:
उशिरा वाचतोय, माफ करा. पाटी पितळीच का? स्टीलची काळी पडत नाही.