पाळणाघरात स्वतःच्या हाताने जेवणाऱ्या, पण फार निवडून खाणाऱ्या मुलीला डब्यात काय द्यावे?

सातपूरची_आई

नमस्कार. माझी मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे ती सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात असते आणि दुपारचे जेवण व चारचा खाऊ असे दोन डबे मला सकाळी साडेसातलाच भरून ठेवावे लागतात. पाळणाघरातल्या ताई प्रेमळ आहेत, परंतु एका वेळी सात-आठ मुले जेवायला बसत असल्यामुळे एकेकाला भरवणे त्यांना जमत नाही. खरे तर आमच्या मुलीला कोणी भरवलेले चालतही नाही. चमचा पुढे केला की ती ओठ घट्ट मिटून मान फिरवते आणि तोच घास ताटलीत ठेवला तर चिमटीने उचलून तोंडात घालते.

अडचण अशी आहे, की घरी ती मऊ वरणभात आवडीने खाते, पण तोच भात दुपारपर्यंत डब्यात घट्ट होतो, तिच्या बोटांना चिकटतो आणि मग ती तो फ्रॉकला पुसून मोकळी होते. पोळीचे तुकडे दिले तर तूप चाटते आणि पोळी टाकते. भाजीतले मटार वेचून खाते, बाकीची भाजी तशीच परत येते. संध्याकाळी घरी आल्यावर भुकेने रडते आणि बाटलीभर दूध पिते. झोपताना पुन्हा दूध लागतेच. दिवसाचे मिळून पाऊण लिटर तरी होत असेल. सासूबाईंचे म्हणणे आहे, की बिस्किटे द्यावीत, निदान पोटात काहीतरी जाईल. मला ते पटत नाही, पण दुसरे काय द्यावे हेही सुचत नाही. पाळणाघरात अन्न गरम करून देण्याची सोय नाही, फ्रिज मात्र आहे. माहेर निफाड तालुक्यातले असल्यामुळे हंगामात घरी द्राक्षे भरपूर असतात. ती डब्यात द्यावीत का, हेही कृपया सांगावे.

इंदिरानगरचे_पाळणाघर

मी इंदिरानगर भागात पाळणाघर चालवते, त्यामुळे डबा उघडल्यावर काय होते ते रोज डोळ्यांसमोर असते. तुमच्या वर्णनावरून तुमची मुलगी जेवत नाही असे मला वाटत नाही. तिच्या हाताला न जमणारे जेवण तिच्यापुढे येते, एवढेच दिसते. घरी वरणभात गरम व सैल असतो आणि समोर आई असते; आमच्याकडे तोच भात गार, घट्ट आणि भोवती सात मुलांचा गोंगाट.

आमच्याकडच्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या डब्यात नेहमी उपमा येत असे. तो एकेक कण चिमटीत धरू पाहायचा, कण निसटायचा, मग दुसरा धरायचा, आणि थोड्या वेळाने वैतागून डबाच उपडा करायचा. त्याच्या आईने तोच उपमा जरा घट्ट शिजवून, ताटलीत थापून त्याच्या वड्या पाडून द्यायला सुरुवात केली आणि मुलगा वडी हातात धरून निवांत खाऊ लागला. पदार्थ तोच होता, चवही तीच होती. म्हणून डबा भरताना आधी हा पदार्थ गार झाल्यावर तिच्या हातात राहील का, हे पाहावे आणि तो पौष्टिक आहे का, हे त्यानंतर पाहावे. कारण जो घास तोंडापर्यंत पोचतच नाही त्यातल्या पौष्टिकतेचा काही उपयोग नाही.

मुगाचे धिरडे किंवा तांदळाचे घावन बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापून द्यावे. मेथीचे वा दुधीचे मुटके वाफवून, तेलात परतून कुरकुरीत न करता मऊच ठेवावेत. इडलीचे उभे काप करावेत. उरलेली नव्हे, सकाळीच केलेली मुगाची खिचडी थोडी घट्ट करून तिच्या चपट्या टिक्क्या तव्यावर तुपात शेकाव्यात. थालीपिठाची भाजणी दह्यात भिजवली तर थालीपीठ दुपारपर्यंत वातड होत नाही. हुलग्याचे (कुळथाच्या पिठाचे) शेंगोळे मुलांना धरायला फार सोपे जातात. फक्त ते बोटाएवढे बारीक वळावेत, पूर्ण शिजवावेत आणि रस्सा निथळून डब्यात भरावेत. पोळीला वेगळी भाजी लावून देण्यापेक्षा उकडलेला लाल भोपळा, पालक किंवा शिजलेली डाळ कणकेतच मळावी, म्हणजे वेचून बाजूला काढायला काही उरत नाही. मात्र रोजच सगळे लपवून देऊ नये. त्या पोळीशेजारी भोपळ्याची एखादी शिजलेली फोड उघडी ठेवावी, नाहीतर मुलीला भोपळा म्हणजे काय ते कधी कळणारच नाही.

डबा गच्च भरू नये. एवढ्या वयाला प्रत्येक पदार्थ दोन मोठे चमचे, एवढ्यापासून सुरुवात करावी आणि लागल्यास वाढण्यासाठी थोडे दुसऱ्या डबीत द्यावे. तीन पदार्थांपैकी दोन तिच्या हमखास आवडीचे आणि एक नवा असावा. मटार तिला आवडतात तर ते अवश्य द्यावेत, फक्त शिजवून बोटाने चेपून द्यावेत. आणखी एक विनंती आहे. संध्याकाळी न्यायला आल्यावर मुलीच्या देखत ताईंना "आज किती खाल्लं?" असे विचारू नये, मुलांना शब्द कळत नसले तरी सूर नक्की कळतो.

आहारतज्ज्ञ_गंगापूर_रोड

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मला अधिक काळजी दुधाची वाटते. या वयात गाईम्हशीचे दूध दिवसाला साधारण अर्धा लिटरपेक्षा जास्त नसावे. दुधात लोह अगदी कमी असते, आणि दुधाने पोट भरलेले मूल लोह असलेले जेवण खात नाही. शिवाय दुधातील कॅल्शियममुळे जेवणातले लोह शोषले जाण्यातही अडथळा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे हा प्रश्न गरीब घरांपुरता नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह मिळावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस आहे. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासावे का, आणि शासनाच्या कार्यक्रमातले लोहाचे सिरप सुरू आहे का, हे दोन्ही विचारून घ्यावे.

दूध एकदम तोडू नये. संध्याकाळी घरी आल्याबरोबर बाटली देण्याऐवजी आधी जेवण वाढावे आणि दूध नंतर कपातून द्यावे. भूक खरी असेल तर त्या वेळी ती चांगली जेवेल. दुपारचा डबा अर्धा परत आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते, पण दुसऱ्या वर्षभरात जेमतेम दोन ते अडीच किलोची भर पडते, त्यामुळे भूक कमी होणे स्वाभाविक आहे. नव्या पदार्थाला नाक मुरडणे हेही याच वयात सुरू होते आणि पुढची काही वर्षे टिकते. एखादा पदार्थ स्वीकारण्याआधी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो समोर यावा लागतो. नुसता हात लावून सोडून दिला तरी ती एक ओळखच असते. बहुतेक घरांत दोन-तीन वेळा नाकारल्यावर "हिला हे आवडत नाही" असा शिक्का बसतो, आणि तिथेच सगळे थांबते.

लोहासाठी मटकी, मूग, मसूर, हुलगा, राजगिरा आणि चालत असल्यास अंडे किंवा मऊ शिजवलेले मटण यांचा वापर करावा. कडधान्यांवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. नागली म्हणजे नाचणी आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा भागातून सहज मिळते. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे दूध कमी केल्यावर कॅल्शियम कुठून मिळणार या चिंतेला नागलीचे मऊ घावन हे चांगले उत्तर आहे. बिस्किटांबाबत तुमचे मत योग्य आहे. दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर टाळावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता द्राक्षांविषयी. अख्खे द्राक्ष डब्यात कधीही देऊ नये, आणि हा नियम पाच वर्षांपर्यंत पाळावा. द्राक्ष गुळगुळीत व लवचिक असते, लहान मुलाच्या श्वासनलिकेत ते बुचासारखे बसते आणि पाठीवर थोपटूनही सहज सुटत नाही. आडवे दोन तुकडे केले तरी गोल कडा तशीच राहते, म्हणून द्राक्ष उभे चिरून त्याच्या चार फाका कराव्यात, बी असल्यास काढावी. शेंगदाणे, फुटाणे, चण्याची उसळ अख्ख्या दाण्यांची, खोबऱ्याचे तुकडे, कच्च्या गाजराच्या चकत्या, लाह्या हे सर्व टाळावे. शेंगदाण्याचे कूट मात्र चालते. बोरे आणि सीताफळ पाळणाघरात पाठवू नयेत, बिया काढायला तिथे कोणाला सवड नसते. मूल बसून जेवते आहे ना आणि जवळ कोणी मोठे माणूस आहे ना, एवढे ताईंना आवर्जून सांगावे.

पंचवटीची_आजी

सूनबाई नोकरीला जाते आणि नातवाचा डबा मी भरते, म्हणून लिहिते आहे. मुलांनी हाताने खावे हे मला मान्य आहे, पण भरवणे म्हणजे जणू काही गुन्हा, असे जे हल्ली बोलले जाते ते मला पटत नाही. दिवसभर स्वतःच्या हाताने झगडून खाल्लेल्या लेकराने रात्री आजीच्या हातून चार घास मागितले तर ते द्यावेत. नको म्हणाले तर मागे लागू नये. सासूबाईंचाही राग मानू नका. मूल उपाशी राहिले या विचारानेच आमचा जीव खालीवर होतो, त्यातून बिस्किटे सुचतात. त्यांना डब्याचे काम द्या.

पोळी कोरडी होते त्यावर दशमी हा जुना उपाय आहे. कणीक पाण्याऐवजी दुधात मळायची, मोहन म्हणून चमचाभर तूप घालायचे, कणीक थोडी सैल ठेवायची आणि जाडसर लाटून मंद आचेवर भाजायची. आमच्या खानदेशात प्रवासाला हीच शिदोरी असायची, कारण दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहते. लहान मुलाला गूळ न घालता, पिकलेले केळे किंवा उकडलेला भोपळा कुस्करून केली तरी गोडसर लागते. भाजल्यावर लगेच डब्यात भरू नका. वाफ धरली की खालची दशमी ओली होते. फडक्यात गार होऊ द्या, मग पट्ट्या कापा.

वरणभाताऐवजी दहीभात पाठवायचा असेल तर सकाळी इगतपुरीकडच्या इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ मऊ शिजवून त्यात भरपूर दूध घालावे आणि कोमट झाल्यावर चमचाभर विरजण लावावे. जेवायच्या वेळेपर्यंत ते दूध भातातच विरजते, भात आंबट होत नाही आणि गोळाही होत नाही. थंडीत विरजण उशिरा लागते, तेव्हा ते थोडे जास्त घालावे. हा भात चमच्याने खाण्याचा आहे, आणि वीस महिन्यांच्या मुलीला चमचा जमत नाही असे नाही. सांडेल, पण जमेल. दांडा आखूड आणि जाड असलेला, जरा खोलगट चमचा घ्या. भांडी बाजारात स्टीलचे असे चमचे मिळतात.

नाशिकरोडचा_बाबा

दहीभाताबाबत एक पुरवणी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि शिजवलेले अन्न अशा हवेत तासाभराहून अधिक बाहेर ठेवणे धोक्याचे असते; शिजलेल्या भातात तर काही जिवाणू पुन्हा गरम केल्यानेही न जाणारे विष तयार करतात. त्यामुळे उन्हाळ्यात दहीभात घरीच विरजून, फ्रिजमध्ये गार करून, बर्फाच्या थैलीसोबत पाठवावा आणि पोचल्याबरोबर पाळणाघराच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगावे. गरमच द्यायचे असेल तर रुंद तोंडाचा लहान थर्मास घ्यावा. त्यात आधी उकळते पाणी भरून दहा मिनिटे झाकून ठेवावे, ते ओतून टाकावे आणि लगेच वाफाळते अन्न काठोकाठ भरावे. अर्धा भरलेला थर्मास लवकर गार होतो. मात्र तो मुलीच्या हाती देऊ नये. ताईंनी उघडून, ताटलीत काढून, निवल्यावर पुढे ठेवावा.

सातपूरची_आई

सर्वांचे मनापासून आभार. दशमी आणि मुटके उद्यापासूनच सुरू करते, आणि दूध कपातून देण्याविषयी घरात बोलणे झाले आहे; कणीक मळण्याची जबाबदारी सासूबाईंनी आनंदाने घेतली. दोन लहान शंका आहेत. एक, डबा कोणता घ्यावा? आमच्याकडे चार कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आहे, पण तिला तो उघडत नाही. दुसरी, ती जे खाली टाकते ते ताईंनी पुन्हा वाढावे का?

इंदिरानगरचे_पाळणाघर

चार कप्पे एकदम उघडले की या वयाची मुले आधी सगळ्यांत बोटे घालतात आणि मग खायचे विसरतात. स्टीलचा दोन कप्प्यांचा, उथळ, एकाच बाजूला खटका असलेला डबा पुरे. विकत आणल्यावर तो आठवडाभर घरी खेळायला द्यावा. खटका उघडायला जमला की मुलांना डब्याचाच अभिमान वाटू लागतो. झाकण फार घट्ट असेल तर ताईंनी खटका सोडून ठेवावा आणि झाकण तिला उचलू द्यावे.

टाकलेले लगेच पुन्हा वाढू नये, नाहीतर तोच खेळ होतो. आम्ही ताटलीच्या कडेला एक लहान वाटी ठेवतो आणि "नको असेल ते इथे" असे दाखवतो. काही दिवसांत बहुतेक मुले नको असलेला तुकडा वाटीत टाकायला शिकतात, आणि त्यातला एखादा थोड्या वेळाने स्वतःच उचलून खातात. अशी वाटी डब्यासोबत पाठवलीत तर तुमच्या ताईही नाही म्हणणार नाहीत. झाकणाला रबर असेल तर ते दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवावे. त्याच्या खाचेत वरण साठते, त्याचा वास साऱ्या डब्याला लागतो आणि मूल डबा उघडताच तोंड फिरवते.