ॲक्सेसची एसीसीडीई फाईल ऑफिस २०१० वर उघडत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील चार गूळ अडत दुकानांचे हिशेब मी पाहतो. त्यांच्यासाठी सौद्यांच्या नोंदी ठेवणारा आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) काढणारा डेटाबेस मी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या ॲक्सेसमध्ये तयार केला आहे. माझ्याकडे ६४-बिट ऑफिस २०१९ आहे. दोन दुकानांत मात्र ३२-बिट विंडोज ७ वर ऑफिस २०१० आहे, आणि तेथे माझी एसीसीडीई फाईल (म्हणजे कंपाईल करून रचना बंदिस्त केलेली डेटाबेसची प्रत) उघडतच नाही.

मूळ, रचना बदलता येणारी एसीसीडीबी फाईल त्याच संगणकांवर चालते, पण ती मला द्यायची नाही. गेल्या हंगामात एका दुकानात कोणीतरी पट्टीच्या रिपोर्टमध्ये शिरून हमालीचे सूत्रच बदलले, आणि रव्यामागे (गुळाच्या ढेपेमागे) लागणारी हमाली क्विंटलमागे लागून आठवडाभराच्या पट्ट्या चुकल्या. एक वयस्कर गुऱ्हाळमालक पट्टीची घडी उलगडून, "रवे तेवढेच, दरही तोच, मग रक्कम वेगळी कशी?" असे विचारत समोर उभे राहिले, तेव्हा मला तोंड वर करून बोलता आले नाही. एसीसीडीईमध्ये फॉर्म, रिपोर्ट आणि मोड्यूल यांची रचना कोणाला बदलता येत नाही, एवढ्यासाठीच माझा हा आग्रह आहे.

टेबले मी वेगळ्या एसीसीडीबी फाईलमध्ये ठेवली आहेत. ती जुन्या ॲक्सेसमध्ये व्यवस्थित उघडतात. एक्सेलच्या नव्या लायब्ररीचा संदर्भ २०१० मध्ये 'मिसिंग' दिसत होता, म्हणून तो काढून क्रिएटऑब्जेक्ट ही आज्ञा वापरली; ती त्या संगणकावर असेल ते एक्सेल चालवतानाच शोधते. तेवढ्याने एसीसीडीबी चालू लागली, एसीसीडीई मात्र नाही. ६४-बिट ॲक्सेसमध्ये कंपाईल केलेली फाईल ३२-बिटमध्ये चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ३२-बिट ऑफिस २०१९ आणून तेथे एसीसीडीई केली, तरी २०१० ती स्वीकारील का, की आवृत्तीची अडचण तशीच राहील?

माझ्या मते, सर्वांत जुन्या म्हणजे ३२-बिट ऑफिस २०१० असलेल्या संगणकावरच फाईल कंपाईल करणे हा सरळ मार्ग दिसतो. एका दुकानाचे मालक त्यासाठी रात्री आपला संगणक द्यायला तयारही आहेत. तशी केलेली फाईल उरलेल्या दोन दुकानांतील ३२-बिट ऑफिस २०१६ वर बिनघोर चालेल का, की त्यांच्यासाठी वेगळी एसीसीडीई करावी लागेल?

दुसरा विचार ॲक्सेसच्या मोफत रनटाईमचा, म्हणजे तयार डेटाबेस फक्त चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. ऑफिस २०१० न काढता त्याच संगणकावर रनटाईम २०१६ बसवले, तर रोज वापरात असलेल्या वर्ड-एक्सेलला काही बाधा येते का? दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि त्याआधी जुन्या पट्ट्यांवर ताळा घेऊन पाहायचा आहे, म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी कृपया आपण कोणत्या आवृत्तीत फाईल कंपाईल केली आणि ती कोणत्या आवृत्तीत उघडली, एवढे जरूर कळवावे.