‘वार परतवणे’ म्हणजे अडवणे की उलट वार करणे?

फोंडेकर: आम्ही आठ-दहाजण रविवारी सकाळी हौसेखातर तलवारबाजीचा सराव करतो. नवशिक्यांसाठी टिपण लिहिताना ‘पॅरी’साठी, म्हणजे समोरचे पाते आपल्या पात्याने बाजूला सारण्यासाठी, मी ‘वार परतवणे’ असे लिहिले, कारण हल्ला परतवून लावला असे आपण म्हणतोच. मात्र एका मुलीने त्याचा अर्थ उलट वार करणे असा घेतला आणि समोरचे पाते बाजूला न सारताच ती पुढे घुसू लागली. फॉइल या तलवारप्रकारात टोक लागल्याचे दाखवणारे दोघांचेही दिवे लागले, तर हल्ल्याचा हक्क ज्याच्याकडे असेल, म्हणजे सहसा ज्याने आधी हल्ला सुरू केला, त्यालाच गुण मिळतो आणि पाते अडवल्याशिवाय तो हक्क सहसा आपल्याकडे येत नाही. त्यामुळे ती सतत गुण गमावत राहिली. ‘पॅरी’ आणि त्यानंतरचा ‘रिपोस्ट’, म्हणजे अडवल्यावर लगेच केलेला उलट वार, यांना काय म्हणावे?

साखळीकर: ‘प्रतिरोध’ आणि ‘प्रत्याघात’ असे निःसंदिग्ध शब्द उपलब्ध असताना ही अडचण यावीच का?

मडगावकर: ‘प्रत्याघात’ उच्चारून होईपर्यंत समोरचा गुण घेऊन मोकळा झालेला असतो. पोर्तुगीज अमदानीत शिकलेले माझे आजोबा या खेळाला ‘एश्ग्रीमा’ म्हणत. मराठी शब्दावाचून त्यांचे काही अडले नाही.

डिचोलीकर: आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचात हाती तलवार असते, तेव्हा हा विषय आम्हाला परका नाही. फरी-गदगा या मर्दानी खेळातली फरी म्हणजे वार झेलण्याची लहान ढाल. ‘पॅरी’ हा तिचाच साहेबी अवतार असावा, असे मला फार दिवस वाटते.

मडगावकर: तो शब्द फ्रेंच ‘पारे’वरून आलेला आहे. शिवाय फरीने वार झेलायचा असतो, तर पॅरीत आपल्याच पात्याने समोरचे पाते जेमतेम अंगाबाहेर जाईल इतकेच सारायचे असते. हात वीतभर बाहेर गेला की दुसरी बाजू उघडी पडते आणि हूल देणाऱ्याला तेच हवे असते.

डिचोलीकर: ‘हूल’ मात्र अस्सल मराठी आहे, हे मान्य करा.

फोंडेकर: ते मान्यच आहे, आणि मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. हात पुरता लांबवून टोक खरोखर छातीवर रोखले नाही, तर त्या हुलीला कोणी फसत नाही, हे शिकवायला मात्र दोन रविवार गेले. एपे या दुसऱ्या तलवारप्रकारात हल्ल्याचा हक्कच नसतो आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागात दोघांचेही टोक लागले तर दोघांनाही गुण मिळतो. त्या मुलीची चूक तिथे कदाचित खपूनही गेली असती. पण माझा प्रश्न राहिलाच.

साखळीकर: टिपणात ‘पवित्रा’ हा शब्द घेतला आहे ना? तो ‘पवित्र’वरून आला.

मडगावकर: मला तो हिंदी ‘पैंतरा’च्या कुळातला वाटतो, त्याचा संबंध पावलांशी आहे, सोवळ्याशी नाही.

साखळीकर: हिंदीच्या दारात जाण्याची एवढी घाई कशाला?

फोंडेकर: येत्या रविवारी मी ‘अडव’ आणि ‘मार’ एवढेच म्हणून पाहणार आहे.

साखळीकर: ‘मार’ हा कोणताही वार झाला. तो अडवल्यानंतरचाच असावा, ही अट त्यात कुठे आहे?