किर्शनर आणि मंडळींच्या तळ्याकाठच्या न्यूड्स अशा का दिसतात?

रेघोट्या:
सध्या जर्मन एक्स्प्रेशनिझम (विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, भावना दाखवायला रंग-आकार मुद्दाम बदलणारी चित्रशैली) वाचतोय. किर्शनर, हेकेल, पेखस्टाइन या तिन्ही चित्रकारांच्या न्यूड्समध्ये अंग पिवळं-नारिंगी, सावल्या हिरव्या, हातपाय कुऱ्हाडीने तासल्यासारखे. ड्रॉइंग येत नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही, मग मुद्दाम का? आणि सारखं तळंच का?

कोळसाकांडी:
तळी मोरित्झबुर्गची, ड्रेस्डेनजवळ. 1909 ते 1911 उन्हाळ्यात ही मंडळी मैत्रिणी, मॉडेल्स सगळ्यांना घेऊन तिकडे जायची, पोहायचं, उन्हात लोळायचं आणि मधेच कुणीतरी चित्र काढतंय, म्हणजे पोज देऊन कुणी ताटकळत नाही. आधी स्टुडिओतही पंधरा-पंधरा मिनिटांत पोज बदलायची सवय लावलेली, त्यामुळे हात पटापट चालायचा. तेव्हा जर्मनीत कपडे काढून ऊन-वारा घ्यायची चळवळही जोरात होती. तरी 1910 ला पोलीस आलाच, आणि पेखस्टाइनचं चित्र पुरावा म्हणून उचलून नेलं 😄

जांभळी शाई:
तासल्यासारखे कारण हे लोक लाकूड कोरून वुडकट छापायचे, ती धार ब्रशमध्येही उतरली. शिवाय ड्रेस्डेनच्या म्युझियममध्ये पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरच्या कोरलेल्या तुळया होत्या, त्यांचा परिणाम. रंगाचं म्हणाल तर जो हिरवा गवताला तोच मांडीवर, फटकाराही तोच. माणूस पुढे आणि निसर्ग मागे पडदा, असं त्यांना नकोच होतं. आता आपल्याकडची गंमत, किर्शनरने अजिंठ्याची चित्रं बघून ड्रॉइंग्ज केली होती! जे. जे.च्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांकडून तिथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या, त्यावरचं पुस्तक 1896-97 ला लंडनमध्ये निघालं, ते त्याला ड्रेस्डेनमध्ये मिळालं. 1911 चं ‘तळ्याकाठी पाच स्नान करणाऱ्या’ बघा, आधीपेक्षा अंगं किती भरीव, गोलाईदार झालीयेत.

उंटावरची शहाणी:
मोकळेपणा वगैरे ठीक हो, पण ब्रश पुरुषांच्या हातात आणि उघड्या बहुतेक बायका, हे कुणी बोलतच नाही. पुरुषही आहेत काही चित्रांत, मान्य, पण थोडे. आणि पलाऊच्या लोकांना ‘आदिम’ समजून त्यांची शैली उचलणं मला तरी खटकतं. चित्रं आवडतात हेही खरंच.

रेघोट्या:
अजिंठा?? हे डोक्यातच नव्हतं. ते पाच बायकांचं चित्र प्रत्यक्ष कुठे आहे?

जांभळी शाई:
बर्लिनला, ब्र्यूके म्युझियममध्ये. ‘ब्र्यूके’ हे याच मंडळींच्या गटाचं नाव.